जुन्या पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचंय? आधी वाऱ्याचा हिशोब मांडा

माझी पिकअप 2011 सालची. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो, कोथिंबीर, मेथी घेऊन जाते. रात्री माल भरून निघायचं, पहाटे गाळ्यावर उतरवायचं आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत यायचं. चाकण, तळेगाव आणि तिथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जाऊन-येऊन साधारण 320 किलोमीटर. डिझेल नव्वदीला टेकल्यावर भाड्यातून हातात काय उरतं हे ज्याची गाडी आहे त्याला सांगायला नको. नवीन गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आहे त्याच गाडीवर दीड वर्ष एकेक बदल करून पाहिला. काही कामाचे निघाले, काही काढून टाकावे लागले आणि एकाने गाडी घाटात तापवली. तुमचा तेवढा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहितोय. गाडी महिंद्राची पिकअप असो, टाटाची योद्धा असो की अशोक लेलँडचा दोस्त, उघडा हौदा आणि समोर उभं कॅबिन असेल तर हे सगळं लागू पडतं.

आधी वारा म्हणजे नक्की किती ओझं, ते पाहू. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. पिकअपच्या आकाराच्या गाडीला ताशी 80 च्या वेगाला हवा साधारण 40 किलोच्या जोराने मागे ढकलते. 60 ला तोच जोर 22 किलोच्या आसपास येतो आणि 40 ला जेमतेम 10. आपल्या भाषेत सांगायचं तर टोमॅटोचं भरलेलं कॅरेट वीस किलोचं. म्हणजे 80 ला इंजिन दोन भरलेली कॅरेट सतत छातीने रेटत असतं, 40 ला अर्धंच कॅरेट. म्हणून पुढचे सगळे उपाय हायवेवर पळणाऱ्या गाडीसाठी आहेत. गाव ते बाजार समिती एवढ्याच दहा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर पायरी 2 करा आणि तिथेच थांबा. बाकीच्यावर पैसा घालू नका.

काय काय जवळ हवं

कागदपत्रं: आरसी, फिटनेस प्रमाणपत्र, विमा, पीयूसी. शिवाय काम सुरू करण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. पुढे पासिंगला किंवा विम्याच्या वेळी मूळ गाडी कशी होती हे दाखवायला ते उपयोगी पडतात.

सामान: चांगली जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, रबरी ताणपट्टे, जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा सहा-आठ मिलिमीटर जाडीचा तुकडा (भंगारवाल्याकडे मिळतो), एक इंची लोखंडी पट्टी, नायलॉक नट, मोठे वायसर, अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि पाइपाचे क्लॅम्प.

हत्यारं: मोजपट्टी, गुण्या, ड्रिल, पाने, धारदार चाकू, हवा मोजायचा गेज. आणि लोकरीचा एक गुंडा. तो कशाला, ते पुढे येईल.

## 1. वही घाला, तीही टाकी फुल करून

ही पायरी टाळलीत तर पुढचं सगळं अंदाजपंचे. प्रत्येक जण म्हणतो, "माझी गाडी बारा देते." बारा कधी, भरलेली की रिकामी, घाट धरून की सोडून, हे विचारलं की उत्तर नसतं.

पद्धत सोपी आहे. एकच पंप ठरवा आणि शक्यतो त्यावरचं एकच मशिन. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. वरून "राउंड फिगर" करायला टाकू द्यायचं नाही, कारण त्यातच अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे होतो. किलोमीटर लिहा, फेरी करा, परत तिथेच टाकी फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. वहीत तारीख, किती कॅरेट होती, पाऊस किंवा वारा होता का आणि गाडी कोण चालवत होतं, हेही लिहा. आमच्याकडे मी आणि माझा पुतण्या आलटून पालटून जातो. नुसता चालवणारा बदलला तरी आकडा हलतो हे मला वहीनेच दाखवलं.

बदल करण्याआधी निदान पाच फेऱ्यांची नोंद हवी. नंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा पाच फेऱ्या मोजायच्या. शंका आली तर बदल काढून पुन्हा मोजायचं. आकडा खाली आला तर बदल खरा.

दोन सापळे आहेत. टायरचा साइज बदललेला असेल तर मीटर खोटं बोलतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून तो एकदा पडताळून घ्या. दुसरा सापळा वाऱ्याचा. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणजे मुंबईकडे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. एकाच बाजूचा आकडा धरलात तर फसाल. नेहमी जाऊन-येऊन मिळून धरा.

माझ्या वहीतली सुरुवात लिटरला 11.9 ची होती.

## 2. आधी फुकटचं काम: जे नको ते उतरवा

याचा वाऱ्याशी संबंध अर्धाच आहे, पण क्रम हाच हवा. जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून पाहा. माझं मागचं डावं चाक दीड फेऱ्यातच थांबत होतं, ब्रेक धरून राहिला होता. तो सोडवला. हवा दरवाजावरच्या किंवा पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरली. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा असतो, हे लक्षात ठेवा. एअर फिल्टर साफ केला, अलाइनमेंट करून घेतली.

मग गाडीभोवती एक चक्कर मारा आणि वाऱ्यात उभं असलेलं, कामाचं नसलेलं सगळं काढा. टपावरचं रिकामं कॅरियर, काचेवरची मोठी टोपी, जादा हॉर्न, झेंड्याची काठी, हौद्यावर कायम उभ्या ठेवलेल्या रिकाम्या कमानी. पुढे लोखंडी गार्ड लावलं असेल तर तेही उतरवा. त्यावर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरात बंदीची सूचना काढलेली आहे, आणि अपघातात ते पादचाऱ्याच्या आणि तुमच्याही जिवावर येतं.

बाजूचे आरसे मात्र काढू नका, दुमडून चालवू नका. आरसे काढून ॲव्हरेज वाढवल्याच्या गोष्टी ऐकल्यात. मालवाहू गाडीत आरसा म्हणजे डोळा आहे.

एवढ्यावर 12.3 आलं, तेही जवळजवळ खर्चाशिवाय.

## 3. हौदा झाकणं: गाडीवरच्या बदलांत सगळ्यात मोठी कमाई इथे आहे

पहिल्यांदा एक चुकीची समजूत सोडा. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून चालवला की हवा सरळ निघून जाते आणि डिझेल वाचतं, असं निम्मे ड्रायव्हर सांगतात. मीही तसंच चालवायचो. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि कॅबिनवरून आलेली हवा त्या भोवऱ्यावरून पुढे सरकते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि फायदा तर होत नाहीच, उलट अडथळा वाढू शकतो. शिवाय पडलेल्या फाळक्यामागे नंबरप्लेट आणि दिवे झाकले गेले तर दंड वेगळा. फाळका बंदच ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे हौदा वरून झाकून टाकणं. रिकाम्या परतीला मी ताडपत्री फाळक्याच्या पातळीला, ढोलकीच्या पानासारखी ताणून बांधतो. ढोलकीसारखी म्हणतो ते शब्दशः घ्या. बोटाने टिचकी मारली की आवाज यायला हवा. सैल ताडपत्री फडफडते, आणि फडफड म्हणजे डिझेल. मधे पोट पडू नये म्हणून हौद्यावर आडवे तीन पाइप टाका. जुने फ्लेक्स वापरू नका. मी वापरून पाहिले, हायवेला पंधरा दिवसांत कडा चिरून चिंध्या झाल्या.

भरलेल्या गाडीला विचार जरा वेगळा. कॅरेट रचताना दोन गोष्टी सांभाळा.

शक्य तोवर थप्पी कॅबिनच्या टपाच्या वर जाऊ देऊ नका. वर गेलेली प्रत्येक ओळ थेट वाऱ्याच्या तोंडात उभी राहते. माल जास्तच असेल तर पुढच्या ओळी उंच आणि मागच्या दोन ओळींना एकेक कॅरेट कमी, अशी मागे उतरती रचना करा. कॅरेट तेवढीच बसतात, फक्त बांधायला थोडा जास्त वेळ लागतो.

दुसरं, ताडपत्रीची पुढची कड. सगळा खेळ इथेच आहे. पुढच्या कडेतून हवा आत शिरली की ताडपत्री फुग्यासारखी फुगते. पुढची कड कॅरेटच्या पुढून खाली घेऊन हौद्याच्या पुढच्या जाळीला पट्टीखाली दाबा, मग बाजू बांधा, मागची सगळ्यात शेवटी. आमच्याकडे पूर्वी उलट व्हायचं. मागून सुरुवात आणि पुढे उरेल ती दोरी.

मालाची काळजी: कोथिंबीर आणि मेथी गच्च झाकली की दोन तासांत आत ऊब धरते आणि पानं पिवळी पडतात. पालेभाजीला मागची बाजू वीतभर उघडी ठेवा. मागून हवा खेळते आणि अडथळाही फारसा वाढत नाही. टोमॅटोला रात्रीच्या गारव्यात एवढी अडचण नाही, पण दिवसा उन्हात निघालात तर त्यालाही मागची फट हवी. शंभर रुपयांचं डिझेल वाचवायला जाऊन हजाराची जुडी फेकून देऊ नका.

या पायरीने गाडी 12.9 ला आली. दुसरं काहीच करायचं नसेल तर निदान एवढं करा.

## 4. बंपरखाली रबरी पट्टा

गाडी उलटी करून पाहता आली असती तर कळलं असतं की खालची बाजू किती खडबडीत आहे. एक्सल, गिअरबॉक्स, सायलेन्सर, पाटे, दांडा, सगळं लटकलेलं. पुढून खाली शिरणारी हवा या प्रत्येकावर आपटत जाते. ती आधीच अडवून बाजूला काढायची, एवढंच या पट्ट्याचं काम.

बंपरच्या खालच्या कडेला, बंपरच्या पूर्ण रुंदीचा पट्टा लावा. उंची ठरवताना गाडी सपाट जागी उभी करून समोर जमिनीवर उकिडवे बसा. पुढचा एक्सल किंवा जो भाग सगळ्यात खाली दिसतो, त्याच्या बरोबरीला पट्ट्याची खालची कड येऊ द्या. त्याहून खाली नेऊ नका. फायदा वाढत नाही आणि पट्टा प्रत्येक गतिरोधकाला घासतो.

पत्रा किंवा प्लाय वापरू नका. आपली गाडी शेताच्या बांधावरही चढते. पत्रा पहिल्याच ढेकळाला वाकतो आणि वाकलेला पत्रा टायरकडे जातो. रबर दुमडतं आणि परत सरळ होतं. पट्ट्याच्या वरच्या कडेवर लोखंडी पट्टी ठेवून दर सहा इंचाला बोल्ट घ्या, मागून मोठं वायसर आणि नायलॉक नट. साधा नट थरथरीने सुटतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पट्ट्याला कुठे लागत नाही ना, हे पाहा. पुढे टोइंगचा हूक असेल तर तिथे रबर कापून जागा ठेवा.

मला याने 13.1 मिळालं. हा 0.2 चा फरक पाच फेऱ्यांत नीट दिसला नाही, दहा फेऱ्या लागल्या. पट्टा काढून पुन्हा मोजलं तेव्हा खात्री पटली.

## 5. कॅबिनवरची वाराफळी: प्रत्येकाला नाही

मोठ्या ट्रकच्या कॅबिनवर जो फुगीर तुकडा असतो तो पाहून पिकअपलाही बसवायचा मोह होतो. नियम असा की कॅबिनमागे कॅबिनपेक्षा उंच काहीतरी कायम उभं असेल, म्हणजे बंद कंटेनर किंवा रोजची उंच थप्पी, तरच ती फळी कामाची. उघडा हौदा किंवा टपाच्या बरोबरीचा माल असेल तर फळी स्वतःच नवा अडथळा बनते. परतीच्या रिकाम्या फेरीला तर नक्कीच.

बंद डबा असलेल्यांनी फळीपेक्षा आधी डब्याच्या पुढच्या कडा पाहाव्यात. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या नासाच्या केंद्रात 1970 च्या दशकात एका जुन्या डिलिव्हरी व्हॅनला चौकोनी खोक्यासारखा पत्रा ठोकून मोजणी केली होती. नंतर त्याच खोक्याच्या कडा गोल केल्या, तेव्हा हवेचा अडथळा निम्म्याहून जास्त उतरला. तुमच्या डब्याची टपापेक्षा वर आणि बाजूला येणारी पुढची कड काटकोनी असेल तर चार इंची पीव्हीसी पाइप लांबीला चिरून, त्याची गोलाई कडेवर बसवून घ्या. आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्याच्या गाडीला मी हे स्वतः बसवून दिलं. स्क्रू, सिलिकॉन आणि दुपारभराचं काम.

## 6. परतीसाठी उतरती ताडपत्री

सपाट ताडपत्रीच्या पुढची पायरी म्हणजे टपापासून फाळक्यापर्यंत उतार. कॅबिनच्या मागे हवा एकदम तुटून पडते आणि मागे ओढ तयार होते. तीच हवा उतारावरून हळूहळू खाली आणली तर ओढ कमी होते. पण उतार जास्त झाला की हवा ताडपत्रीला धरून राहत नाही, मधूनच सुटते आणि सगळं फुकट जातं. साधारण बारा अंश ही हद्द. अंश मोजत बसू नका: मागे दर फुटाला अडीच इंचापेक्षा जास्त उतार नको. नऊ फुटी हौद्याला म्हणजे एकूण साडेबावीस इंच. पहिले दोन फूट जवळजवळ सपाट ठेवा आणि पुढे उतार वाढवत न्या. आंब्याच्या कोयीची पाठ डोळ्यांसमोर आणा, ती जशी मागे निमुळती होते तशी. टपापासून फाळक्यापर्यंतचा उतार याहून जास्त भरत असेल तर शेवट फाळक्याच्या चार-सहा इंच वर ठेवा आणि मागचा भाग सरळ खाली सोडा. ताडपत्रीचं मागचं टोक दिवे आणि नंबरप्लेटच्या वरच संपू द्या.

जीआय पाइपाच्या चार कमानी, प्रत्येक मागची आधीच्यापेक्षा बुटकी. हौद्याच्या कडेला क्लॅम्पने बसवायच्या, वेल्डिंग करायचं नाही. वाशीला माल उतरला की पुतण्या आणि मी पंधरा मिनिटांत उभारतो. इकडे येऊन भरायच्या वेळी पाच मिनिटांत उतरवतो.

लोकरीची परीक्षा. वितीएवढे लोकरीचे तुकडे कापा आणि ताडपत्रीवर फुटाफुटावर चिकटपट्टीने एक टोक चिकटवा. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीतून, शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही. तुकडे मागे सरळ ताणलेले दिसले तर हवा धरून आहे. जिथे ते गोल फिरतात, उलटे पुढे येतात, तिथे हवा सुटलेली. माझ्या पहिल्या उतारावर तिसऱ्या कमानीपासून पुढचे सगळे तुकडे घुसळत होते, काही तर कॅबिनकडे तोंड करून उभे. मागच्या दोन्ही कमानी तीन-तीन इंच उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच तुकडे विंचरल्यासारखे पडले. हवा डोळ्यांनी दिसली ती त्या सकाळी.

याने जाऊन-येऊनचा आकडा 13.4 झाला.

## 7. हे करू नका

जाळी झाकणं. पुढच्या जाळीतून रेडिएटरला जाणारी हवाही अडथळाच असते, म्हणून ती थोडी बंद केली की फायदा होतो असं वाचनात आलं होतं. डिसेंबरात मी निवडणुकीच्या बोर्डाच्या सनपॅक शीटने जाळीचा खालचा अर्धा भाग बंद केला. सपाटीला सगळं ठीक चाललं. खोपोली सोडून घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकला आणि बघता बघता लाल पट्ट्याजवळ गेला. गाडी कडेला घेतली, इंडिकेटर चालू केले, त्रिकोण मागे ठेवला, आणि इंजिन बंद न करता तसंच मंद चालू ठेवून शीट फाडून काढली. काटा उतरायला पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत शेजारून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरने गाडी हलत होती. जुनं इंजिन, वर टर्बो आणि इंटरकूलर, पुढे घाट, अशा गाडीला जाळी झाकणं नकोच. कधी गाडी तापलीच तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

चाकांवर पूर्ण झाकणं. घाट उतरताना ड्रमला हवा लागते. भरलेली गाडी बोरघाट उतरते तेव्हा ब्रेकची ताकद आधी, ॲव्हरेज नंतर.

दोन चाकांमधल्या बाजूच्या पट्ट्या. सनपॅकच्या लावून पाहिल्या. वहीत फरक दिसला नाही, आणि एका बाजूची सायलेन्सरच्या उष्णतेने मऊ पडून लोंबली. काढून टाकल्या.

पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून चालवणं. यात डिझेल वाचतं हे खरं आहे. त्याने ब्रेक मारला तर तुम्हाला वेळ मिळत नाही हेही तितकंच खरं आहे. अजिबात नको.

## 8. आरटीओ आणि दंड

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझा दंडक असा: पान्याने किंवा दोरीने निघेल तेवढंच करायचं. चॅसिसला वेल्डिंग नाही, छिद्र नाही, लांबी-रुंदी-उंची वाढवायची नाही. पक्का टप किंवा बंद डबा बसवायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज, मग काम, मग आरसीवर नोंद. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं. जाण्याआधी कमानी उतरवा आणि रबरी पट्टाही काढून ठेवा. नंबरप्लेट, बाजूला रंगवलेला नंबर, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या ताडपत्रीखाली जाता कामा नयेत. हे रोजच पाहायचं, पासिंगपुरतं नाही. मालही हौद्याच्या बाहेर डोकावू देऊ नका. त्याचा दंड 20,000 आहे.

## 9. आता पाय उचला

मालवाहू गाडीला द्रुतगती मार्गावर कमाल वेग 80 चा आहे, आणि आपण सगळे तो काटा तिथेच धरून ठेवतो. मी 65 वर आलो. हवेचा जोर 40 किलोवरून 26-27 वर येतो, म्हणजे एक तृतीयांश ओझं गेलं. द्रुतगती मार्गाचे 75 किलोमीटर धरले तर 56 मिनिटांऐवजी 69 मिनिटं लागतात. तेरा मिनिटं. रात्री वाशीच्या गेटवर रांगेत त्याहून जास्त वेळ जातो. डावी मार्गिका सोडायची नाही आणि मागच्यांना अडवायचं नाही.

पुतण्याला हे पटवायला सगळ्यात जास्त दिवस लागले. "काका, माल उशिरा पोचला तर भाव जातो," हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग आम्ही निघायची वेळच वीस मिनिटं अलीकडे ओढली. कॅरेट भरायला हमालांना तेवढं आधी बोलवायचं, एवढाच बदल. वही 14.3 वर गेली. 11.9 वर फेरीला जवळपास 27 लिटर जायचं, आता साडेबावीसच्या आत. त्यातलं दोन लिटरच्या वर ताडपत्री, कमानी आणि पट्ट्याचं आहे आणि दीड लिटर नुसत्या पायाचं.

## 10. रस्त्यावरची तपासणी

नवीन काहीही लावलं की पहिल्या दहा किलोमीटरला थांबा आणि हाताने हलवून पाहा. नंतर जाताना उर्से आणि येताना खालापूर, दोन्ही टोलनाक्यांच्या पुढे सुरक्षित जागी थांबून गाडीभोवती एक फेरी मारायची. ताडपत्रीची पुढची कड तळहाताने दाबायची. आत दबली तर दोरी सैल झालेली आहे, तिथेच ताणून घ्यायची. क्लॅम्पचे नट बोटाने चाचपायचे. बंपरखाली वाकून रबराचे बोल्ट मोजायचे. माझे अकरा आहेत आणि अकरा दिसल्याशिवाय गाडी हलत नाही. हायवेला सुटलेली कमान किंवा पाइप मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जातो. पावसाळ्यात ओली दोरी ढिली पडते, तेव्हा फेऱ्या वाढवा, आणि ताडपत्रीवर साचलेलं पाणी निघण्याआधी काठीने ढकलून द्या. दर महिन्याला एकदा बोल्ट पूर्ण सोडून पट्ट्यामागचा चिखल धुवा, नाहीतर बंपर तिथूनच गंजायला लागतो.